बगळ्याची हनुवटी

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही, नोंद असावी म्हणून. मोठ्या फोटोग्राफरांना विचारतात की सुरुवात कशी झाली, आणि त्यांना नेमकं आठवत नाही. माझी आज झाली. ६.४० ला.

सव्वीस वर्षं पासपोर्ट फोटो काढले. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन बाजूंना दोन लाइट. हनुवटी किंचित खाली, दोन्ही कान दिसू द्या, हसू नका, झालं. या शहरात असा माणूस नसेल ज्याला मी हसू नका म्हटलेलं नाही. पण आतला कलावंत उपाशी राहिला तो राहिलाच.

आता नाही. निसर्ग मंडळ पुढच्या वर्षाचं कॅलेंडर काढतंय. फोटो १ एप्रिलपर्यंत मागवलेत. बारा महिने, बारा फोटो. सगळेच माझे आले तर बरं दिसणार नाही, म्हणून नऊच पाठवायचे ठरवलं आहे. ऑनलाइन कोर्सही लावला. चौदा व्हिडिओ आहेत. तीन बघून झाले, चौथा अर्धा. पुढे तेच तेच असणार.

हिला सांगितलं. दुकानातलं काउंटर, फोटो कापायचा कटर आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे तिच्याकडे असतं. म्हणाली, आधी पोरीचा व्हिसाचा फोटो काढा, मग निसर्गाचं काय ते बघा.

पोरीचं असं आहे: तिला परदेशात पूल बांधायच्या कोर्सला जागा मिळाली आहे. दोन वर्षं. व्हिसाचा अर्ज फोटोसकट ३१ मार्चच्या आत गेला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. अठ्ठावीस दिवस आहेत. फोटोला मला दोन मिनिटं लागतात. उगाच डोक्याला ताप.

मंगळवार, ४ मार्च

साडेपाचचा गजर लावला होता. वाजला असावा.

गुरुवार, ६ मार्च

आज डोळे उघडले. रूल ऑफ थर्ड्स. चित्राचे उभे तीन भाग करायचे, आडवे तीन, आणि विषय मध्ये कधीही ठेवायचा नाही. मध्ये ठेवणं हे अडाणीपणाचं लक्षण. सव्वीस वर्षं मी माणसं मध्ये ठेवत आलो. लाज वाटली.

लगेच सुधारणा केली. बँकेतली कॅशियरबाई ओळखपत्राच्या फोटोसाठी आली होती. तिला डाव्या तिसऱ्या भागात बसवलं. उरलेलं सगळं पांढरं. याला निगेटिव्ह स्पेस म्हणतात, तिथे नजर श्वास घेते. बाईने फोटो बराच वेळ बघितला. म्हणाली, बाजूला कोण बसणार होतं?

पिकतं तिथे विकत नाही, ते हे असं.

रविवार, ९ मार्च

पहिली मोहीम. मेहुणा गाद्या पोचवतो, त्याची व्हॅन घेऊन तळ्यावर गेलो. व्हॅन चालवायला मेहुणा, सामान धरायलाही मेहुणाच.

तळ्यात एक बगळा होता. बगळा हे उत्तम गिऱ्हाईक. हलत नाही, घाई करत नाही, मागच्या फोटोत मी बारीक दिसत होतो म्हणत नाही. एकच खोड आहे, सारखा बाजूला बघतो. व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय की प्राण्याची नजर बघणाऱ्याला भिडली पाहिजे. म्हणून थांबलो. दोन तासांनी वळला. समोरून बगळा म्हणजे एक उभी काडी. चोच सरळ आपल्याकडे, म्हणून दिसत नाही. डोळे दोन्ही कडांना. तरी काढला. हनुवटी किंचित खाली, असं तोंडातून निघून गेलं.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, बगळ्याला हनुवटी नसते.

त्याला कोणी विचारलं नव्हतं.

बगळा फोटोत मधोमध आला आहे. हात आपोआप तिकडे जातो. पुढच्या वेळी तिसऱ्या भागात घेणार.

रात्री जेवताना हिला स्क्रीनवर फोटो दाखवले. हिने चष्मा लावला, सगळे बघितले. मग विचारलं, याला कुठे जायचंय?

बुधवार, १२ मार्च

गोल्डन अवर. सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा तास. या उजेडात दगडसुद्धा देखणा दिसतो. माझ्या लाइटांचा उजेड या मानाने दवाखान्यातला.

दुपारी एक बसड्रायव्हर बिल्ल्याच्या फोटोसाठी आला. त्याला म्हटलं, पावणेसहाला या. आला बिचारा. दुकानाच्या मागच्या दारात उभा केला, बरोबर सूर्यासमोर. बॅकलाइट. केसांभोवती सोन्याची कडा आली आहे. चेहरा काळा आहे, पण आकार ओळखू येतो. ओळखणाऱ्याला ओळखू येतो.

शनिवार, १५ मार्च

पोरीचा फोटो काढला. म्हणाली, बाबा, नेहमीसारखा काढा, मला क्लासला जायचंय. म्हटलं, नेहमीसारखा परक्यांचा काढतात. स्वतःच्या मुलीचा काढताना बाप हात राखून काम करील का? खिडकीपाशी बसवली. साइड लाइट. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. पुढे काय होणार हे माहीत नसलेली मुलगी, असा त्यात भाव आहे. मला भरून आलं.

वेबसाइटने नापास केला. कारण: चेहऱ्यावर सावली. सावली आहेच. मुद्दाम पाडली आहे. गाढवाला गुळाची चव काय.

पोर म्हणाली की तीनदाच फोटो टाकता येतो. तिसऱ्यांदा नापास झाला की अर्ज बंद, आणि नवा अर्ज सहा महिन्यांनी. म्हटलं, अजून दोन आहेत की.

ही काउंटरपाशी होती. कटरने कागद कापत होती. रिकामे कागद कापत होती.

सोमवार, १७ मार्च

बसड्रायव्हर आला. तिकीट तपासनीस चढला, बिल्ला बघितला, म्हणाला हा तू नव्हेस. त्याला त्याच्याच बसमधून खाली उतरवलं. छत्तीस प्रवासी खिडकीतून बघत होते. मी समजावून सांगितलं की दोष फोटोचा नाही, तपासनीस उजेडाच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला असेल. ड्रायव्हर म्हणाला, मला फक्त माझं तोंड दिसलेलं हवंय.

हिने त्याला स्टूलवर बसवून स्वतःच फोटो काढला. मधोमध, दोन्ही लाइट लावून. तो खूश होऊन गेला. अशाने समाजाची अभिरुची कशी सुधारायची?

गुरुवार, २० मार्च

पोरीचा दुसरा फोटो. या वेळी सावली शून्य, तक्रारीला जागाच नाही. फक्त चित्राला खोली आणली. खोली आणायची तर जवळ काहीतरी लागतं, त्याला फोरग्राउंड म्हणतात. म्हणून कुंडीतल्या झाडाची एक फांदी तिच्या हनुवटीपुढे आणली. शिवाय लीडिंग लाइन्स, म्हणजे नजरेला वाट दाखवणाऱ्या रेषा. दुकानातली दोन आणि शेजारच्या औषधवाल्याकडून मागून आणलेली पाच, अशी सात स्टुलं रांगेत लावली. रांग थेट पोरीकडे जाते. पोर सगळ्यात शेवटी, रस्त्यावरच बसली म्हणायला हरकत नाही.

वेबसाइटचं उत्तर: चेहरा सापडला नाही.

सापडेल कसा, शोधायची इच्छा हवी ना. व्हिसा ऑफिसला चार पानी पत्र लिहिलं. बगळ्याचा फोटो नमुन्यादाखल जोडला.

पोर रडली नाही. तिने कॅलेंडरवर एकतीस तारखेभोवती लाल गोल केला आणि पेन टोपण न लावता ठेवून गेली. मी टोपण लावलं. शिस्त कोणीतरी पाळायला हवी.

रविवार, २३ मार्च

दुसरी मोहीम. पाचव्या व्हिडिओचं शीर्षक वाचलं: ‘पार्श्वभूमी स्वच्छ ठेवा.’ बाकीचा व्हिडिओ बघायची गरज पडली नाही. या विषयात मी व्हिडिओवाल्यालाच दोन गोष्टी शिकवीन.

निसर्गात मागचा पसारा फार. झाडामागे झाड, त्यामागे आणखी झाड. मेहुण्याकडून डबलबेडच्या गादीची पांढरी खोळ उसवून घेतली, दोन बांबूंना बांधली. योजना अशी: मेहुणा खोळ घेऊन विषयाच्या मागे उभा राहील.

पहिला विषय, एक जुनं झाड. खोळ पुरली नाही. मेहुणा अर्ध्या खोडामागे उभा राहिला, मग उरलेल्या अर्ध्यामागे. नंतर जोडून घेणार आहे.

दुसरा विषय, बकरी. उत्तम जमली. समोर बघते आहे, दोन्ही कान दिसताहेत, तोंड बंद. इतकं शहाणं गिऱ्हाईक सव्वीस वर्षांत आलं नाही.

तिसरा विषय, बगळा. मेहुणा गुडघाभर पाण्यात खोळ घेऊन गेला आणि वारा आला. खोळ, बांबू आणि मेहुणा असे तिघेही बगळ्यावरून पुढे गेले. वनरक्षक धावत आला. मेहुणा पाण्यात बसून दोन्ही हातांनी पांढरं फडकं वर धरून होता. वनरक्षकाने विचारलं, शरण कोणाला जाताय?

माझी ओळख सांगितली, कॅलेंडरचं सांगितलं. तो म्हणाला, कॅलेंडर काढा, पण बगळ्याला त्रास देऊ नका. मी बगळ्याला त्रास देतो? बगळ्याने मला किती दिला आहे ते कोणी विचारत नाही.

परत येताना मेहुणा ओल्या पॅन्टने गाडी चालवत होता. म्हणाला, भाऊजी, भाचीच्या फोटोचं काय झालं? विषय बदलायची ही त्याची जुनी सवय आहे.

शुक्रवार, २८ मार्च

पोर सकाळी म्हणाली, स्टेशनवर फोटोचं मशीन आहे, तिथे जाते. पेटीत बसायचं, बटण दाबायचं, चार मिनिटांत फोटो.

मी जेवलो नाही. दुपारी जेवलो, पण मनापासून नाही. फोटोवाल्याची मुलगी मशीनमध्ये बसणार? उद्या न्हाव्याची मुलं दुसरीकडे हजामत करतील. म्हटलं, पेटीला काय कळतंय तू कोण आहेस ते. ती म्हणाली, बाबा, त्यांना मी कोण आहे ते कळायला नकोच आहे, फक्त मी मीच आहे एवढंच कळायला हवंय.

मी पडद्याची सुरकुती काढली.

शेवटी ठरलं. रविवारी, ३० तारखेला, सकाळी नऊला मी काढणार. साधा. पांढरा पडदा, दोन लाइट, चेहरा मध्ये. शब्द दिला. पोरीने विचारलं, नक्की ना? म्हटलं, बापाच्या शब्दावर भरवसा नाही? ही काउंटरवरून म्हणाली, नऊ म्हणजे नऊ.

शनिवार, २९ मार्च. संध्याकाळी

उद्या पहाटे दाट धुकं पडणार, असं हवामानवाले सांगताहेत. धुकं म्हणजे निसर्गाने स्वतः धरलेला पांढरा पडदा. तळ्याच्या टोकापासून टोकापर्यंत. मेहुण्याची गरज नाही, बांबूची गरज नाही. असा योग पुन्हा येणार नाही.

पहाटे पाचला निघालो तर साडेआठला दुकानात. हिशेब बसतो. घरी कोणाला उठवायचं नाही.

रविवार, ३० मार्च. दुपारी २.१५

धुकं पडलं. जे बोललो तेच झालं. बगळाही होता. बाजूला बघत होता.

सात वाजता वाटलं, आता वळेल. आठ वाजता मान हलवली, पण माशासाठी. साडेआठला निघणार होतो. निघता निघता त्याने एक पाय खाली ठेवला, आणि ज्याने सव्वीस वर्षं माणसं बसवली आहेत त्याला हे कळतं, की पाय खाली ठेवला म्हणजे आता तो तयार होतोय. असं असताना उठून जाणं हे कामाशी बेइमानी आहे. फोन वाजून बगळा दचकू नये म्हणून बंद ठेवला होता.

११.२० ला वळला. समोर. मागे पांढरं धुकं. चारशे बारा फोटो काढले. सगळे एकसारखे आहेत. पांढऱ्या कागदावर एक उभी काडी.

दीडला घरी आलो. दुकान उघडं होतं, लाइट लावलेले होते, स्टूल जागेवर होतं. ही म्हणाली, साडेअकरापर्यंत बसली होती पोर त्या स्टुलावर. नवा शर्ट घालून. मग स्टेशनवर गेली.

मशीनचा फोटो वेबसाइटने अकरा सेकंदांत पास केला. अर्ज गेला. चांगलंच झालं, काम झाल्याशी मतलब. पोर माझ्याशी नीट बोलली. धुकं होतं का, विचारलं. होतं म्हटलं. म्हणाली, बरं झालं.

ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १ एप्रिल

निसर्ग मंडळाला नऊ फोटो पाठवले. बगळा सहा, बकरी दोन, अर्धं झाड एक. सोबत पत्र. त्यात लिहिलं की डिसेंबरला बकरी शोभेल, पण आग्रह नाही.

सोमवार, २१ एप्रिल

आज एकाच दिवशी दोन पत्रं.

पोरीचा व्हिसा आला. २ मेचं विमान. ही पासपोर्ट पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. मीही बघितला. शिक्का वाकडा मारलाय.

दुसरं मंडळाचं. समितीने नऊही फोटो एकत्र बसून बघितले. कॅलेंडरसाठी एकही घेतलेला नाही. मात्र पुढे लिहिलंय की सर्व विषय अत्यंत स्पष्ट, समोर बघणारे आणि ओळख पटण्याजोगे आहेत, तरी मंडळाच्या एकशे चाळीस कर्मचाऱ्यांचे ओळखपत्रासाठी फोटो काढून द्यावेत. पार्श्वभूमी पांढरी.

म्हणजे शेवटी माझी कला त्यांना कळली. कॅलेंडर वर्षभरात रद्दीत जातं. ओळखपत्र गळ्यात असतं.

मेहुण्याला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ हसत होता, आनंद झाला असावा.

शुक्रवार, २ मे. विमानतळावरून आल्यावर

जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहितो.

सव्वादोनचं विमान. आम्ही अकराला पोचलो. मी, ही, पोर, दोन बॅगा. आत फक्त प्रवाशांना सोडतात. दाराबाहेर लोखंडी कठड्याच्या दोन लांब रांगा आहेत, थेट दारापर्यंत जाणाऱ्या. काचेच्या दारातून सकाळचा उजेड तिरपा पडत होता. आयती जागा. पोरीला म्हटलं, एक फोटो, पटकन. ती म्हणाली, बाबा, आधी आईला भेटू दे. म्हटलं, अगं उजेड जाईल, भेटायचं काय, फोटो झाला की भेट.

ही जवळच उभी होती, पोरीचा स्वेटर हातात घेऊन. तिला म्हटलं, जरा बाजूला हो, फ्रेममध्ये येतेयस. ती खांबामागे जाऊन उभी राहिली.

पोरीला म्हटलं, मागे सरक. अजून थोडी. बॅग घेऊन सरक, बॅग हवी फोटोत. मध्ये नको, उजवीकडे. अजून एक पाऊल. पोर हसत सरकत होती. मी कॅमेऱ्यात बघत होतो. शेवटच्या पावलाला ती दाराच्या आत गेली. दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने तिचं तिकीट बघितलं, शिक्का मारला, आणि मागचं माणूस पुढे घेतलं. ती वळली तर तो म्हणाला, एकदा आत गेलं की बाहेर येता येत नाही.

मी त्याला सांगितलं की ती गेली नव्हती, मी तिला लावत होतो. तो म्हणाला, रांग सोडा.

ही खांबामागून आली. काचेपाशी गेली. पोर पलीकडून काचेला हात लावून उभी होती. काहीतरी बोलत होती, ऐकू येत नव्हतं. ही स्वेटर दाखवत होती. मग मागून लोक आले आणि पोरीला पुढे जावं लागलं.

फोटो आला आहे. त्यात काच आहे, आणि काचेत मी आहे, कॅमेरा डोळ्याला लावलेला.

येताना टॅक्सीत ही खिडकीबाहेर बघत होती. स्वेटर मांडीवर होता. माझं चुकलं. आजवर बाकी सगळीकडे दुसऱ्यांचं चुकलं, पण इथे माझं. मला हिच्याकडे बघवत नव्हतं.

रविवार, ४ मे

पोर पोचली. फोन आला. तिकडे थंडी आहे म्हणाली. हिने विचारलं, दुसरा स्वेटर आहे ना? मग फोन मला दिला. पोर म्हणाली, बाबा, फोटो कसा आला? म्हटलं, चांगला आला.

दुपारी हिने पोरीचा खण आवरला. त्या स्टेशनवरच्या मशीनचा कागद निघाला. चार फोटोंचा असतो, दोन तिने कापून नेलेले, दोन उरलेले. ही आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, नीट कापून द्या. मी कापले. एक हिने पर्समध्ये ठेवला. एक माझ्यासमोर आहे.

भिंग घेऊन बघतोय. नवा शर्ट आहे. केस नीट मागे घेतलेत. पेटीत बसून एकटीनेच हनुवटी किंचित खाली घेतली आहे, कोणी न सांगता. सरळ बघते आहे. फार आठवण येते तिची. घरात कप धुतले तरी आवाज मोठा होतो.

संध्याकाळी मशीनवाल्या कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायला बसलो. तारीख घातली, विषय लिहिला. तासभर फोटो बघितला. काय तक्रार लिहायची ते सुचलं नाही.